ट्यूब पेटली म्हणजे नेमकं काय झालं? – ‘रिअलाइझ’ या एका शब्दाची गोष्ट

कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांनाही नमस्कार, आणि लोकलच्या गर्दीत आवाज ऐकू येत नाही म्हणून हे वाचणाऱ्यांनाही. आजचा भाग एकाच शब्दावर आहे. दिवसातून चार-पाच वेळा तरी आपण तो वापरतो, तोही मराठी वाक्यात. ‘अरे, मला आत्ता रिअलाइझ झालं!’

याच शब्दाने एकदा माझी पार शोभा केली होती. तिथूनच सुरुवात करतो.

पुण्यातली माझी पहिली नोकरी. लागून जेमतेम दोन महिने झाले होते. एके दिवशी घाईघाईत मी एका क्लायंटच्या रेटची फाइल दुसऱ्याच क्लायंटला पाठवली. म्हणजे कुणाला किती स्वस्तात काम करून देतो, ते थेट शेजाऱ्याच्या हातात! अर्ध्या तासाने ट्यूब पेटली. हातपाय गार पडले. मग दिलगिरीचा मेल लिहायला बसलो. डोक्यात वाक्य मराठीत तयार होतं – ‘माझी चूक मला रिअलाइझ झाली आहे.’ त्याचं जसंच्या तसं इंग्रजी केलं: ‘माय मिस्टेक गॉट रिअलाइझ्ड.’ आणि सेंड.

पाच मिनिटांत टीम लीड मॅडमनी बोलावलं. स्क्रीनवर माझाच मेल होता. त्यांनी विचारलं, “अरे, चूक कुणी केली?”

म्हटलं, “मी.”

“मग या वाक्यात तू कुठे आहेस?”

मी वाक्य परत वाचलं. खरंच, मी कुठेच नव्हतो. आणि मॅडमनी पुढे जे सांगितलं ते तर अजून भारी होतं. त्या म्हणाल्या, “याचा सरळ अर्थ काढला तर तू लिहिलंयस की माझी चूक अखेर साकार झाली. स्वप्न साकार होतं ना, तशी!”

तेव्हा हसू आलं नव्हतं. आता येतं. पण चूक साकार कशी झाली, हे समजून घ्यायचं तर या शब्दाच्या जन्मापर्यंत मागे जावं लागतं. चला तर मग.

शब्द आला कुठून?

‘रिअलाइझ’ या शब्दाचे दोन तुकडे सरळ दिसतात: ‘रिअल’ आणि ‘आइझ’.

‘रिअल’ची मुळं लॅटिनमध्ये आहेत. लॅटिनमध्ये ‘रेस’ म्हणजे वस्तू, गोष्ट, बाब. त्यावरून ‘रेआलिस’, म्हणजे वस्तूशी संबंधित, प्रत्यक्षातलं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं आणि ‘रिअल’ झालं. ‘रिअल इस्टेट’मधला रिअल हाच. तिथे त्याचा अर्थ ‘खरी’ इस्टेट असा नाही, तर ‘वस्तूरूप मालमत्ता’, म्हणजे जमीनजुमला, असा आहे. आणि ‘रिपब्लिक’? लॅटिनमध्ये ‘रेस पुब्लिका’ म्हणजे सर्वांची गोष्ट, सार्वजनिक बाब. त्यातला ‘रे’ हाच ‘रेस’. म्हणजे 26 जानेवारीचा रिपब्लिक डे आणि तुमचं ‘रिअलाइझ’ हे एकाच घरातले.

फुटबॉलवाल्यांनो, घाई करू नका! ‘रेआल माद्रिद’मधला ‘रेआल’ मात्र या घरातला नाही. तो राजाशी संबंधित लॅटिन शब्दावरून आलाय, त्याचा अर्थ ‘शाही’. स्पेनच्या राजाने 1920 मध्ये क्लबला ती पदवी दिली. स्पेलिंग सारखं असलं तरी घराणं वेगळं.

आता दुसरा तुकडा, ‘आइझ’. हा प्रत्यय मुळात ग्रीक. तिथून लॅटिन, मग फ्रेंच, मग इंग्रजी असा त्याचा प्रवास. याचं काम म्हणजे एखाद्या शब्दाला ‘तसं करणं’ असा अर्थ देणं. मॉडर्न करणं ते मॉडर्नाइझ, लीगल करणं ते लीगलाइझ. तसंच रिअल करणं म्हणजे रिअलाइझ.

म्हणजे या शब्दाचा पहिला अर्थ ‘समजणं’ नव्हताच! 17व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच ‘रेआलिझे’वरून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता ‘प्रत्यक्षात आणणं, खरं करून दाखवणं’. मॅडम बरोबर होत्या. ‘माय मिस्टेक गॉट रिअलाइझ्ड’ म्हणजे चूक प्रत्यक्षात उतरली.

मग ‘समजणं’ कुठून आलं?

इथे गंमत आहे. एखादी गोष्ट बाहेरच्या जगात खरी करता येते, तशी ती मनातही खरी करता येते. म्हणजे असं बघा, आजी गेल्याची बातमी फोनवर कळते. शब्द कानावर पडतात, अर्थही कळतो. पण ते ‘खरं’ वाटत नाही. मग चार दिवसांनी तिच्या खोलीत जाता, चष्मा तसाच उशीपाशी दिसतो, आणि त्या क्षणी ती गोष्ट मनात खरी होते. माहिती तीच होती, पण ती ‘रिअल’ झाली चार दिवसांनी.

‘मनात खरं होणं’ हा अर्थ इंग्रजीत 1775 पर्यंत लेखनात आलेला दिसतो. तो रुळला आधी अमेरिकेत. 19व्या शतकात इंग्लंडमधल्या काही भाषाशुद्धीवाल्यांनी हा अमेरिकी थाट म्हणून नाकंही मुरडली. आज तोच अर्थ पहिला झालाय आणि मूळचा अर्थ मागे पडलाय. भाषेत असं होतंच.

अगदी हीच गोष्ट आता फ्रेंचमध्ये उलट्या दिशेने चाललीय. फ्रेंचमध्ये ‘रेआलिझे’ म्हणजे प्रत्यक्षात आणणं. म्हणून तर सिनेमाच्या दिग्दर्शकाला तिथे ‘रेआलिझातर’ म्हणतात. पण इंग्रजीच्या प्रभावामुळे तिथली मंडळीही ‘लक्षात येणं’ या अर्थी तो वापरायला लागली, आणि आता तिथले शुद्धीवाले नाक मुरडतात!

आणि आपल्याकडे? आपला ‘साक्षात्कार’ घ्या. ‘साक्षात्’ म्हणजे डोळ्यांसमोर, प्रत्यक्ष. ‘कार’ म्हणजे करणं. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर प्रत्यक्ष होणं. रिअल करणं आणि साक्षात् करणं! दोन वेगळ्या भाषा, पण विचाराची वाट एकच. म्हणूनच आत्मसाक्षात्काराला इंग्रजी शब्द हवा होता तेव्हा ‘सेल्फ-रिअलायझेशन’ चपखल बसला. परमहंस योगानंदांनी 1920 मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या संस्थेच्या नावातच तो आहे.

जुना अर्थ मेला नाही, तो तुमच्या फोनमध्ये आहे

जुना अर्थ मागे पडला म्हटलं, पण तो गेलेला नाही. शेअर्सचं ॲप उघडा. तिथे नफ्याचे दोन रकाने असतात: ‘रिअलाइझ्ड’ आणि ‘अनरिअलाइझ्ड’.

समजा, तुम्ही 10,000 रुपयांचे शेअर्स घेतले आणि आज त्यांची किंमत 12,000 झाली. स्क्रीनवर 2,000 रुपये हिरव्या रंगात दिसतात. पण हा नफा ‘अनरिअलाइझ्ड’, म्हणजे कागदावरचा. तुम्ही विकले आणि पैसे हातात आले की तो ‘रिअलाइझ्ड’ झाला. उद्या भाव पडून किंमत 9,000 झाली तर ते हिरवे 2,000 कुठेच नव्हते! बरेच जण हिरवा आकडा बघून पार्टी देतात आणि मग ट्यूब पेटते. म्हणजे नफा रिअलाइझ करायच्या आधी त्यांना वेगळंच काहीतरी रिअलाइझ होतं.

‘रिअलाइझ अ ड्रीम’ म्हणजे स्वप्न साकार करणं. ‘रिअलाइझ युअर पोटेन्शियल’ म्हणजे आपल्यात जी कुवत आहे ती प्रत्यक्षात उतरवणं. कुवत ‘समजून घेणं’ नाही बरं का! मोटिव्हेशनल रील बघताना हा फरक लक्षात ठेवा.

नोटीस, रेकग्नाइझ, रिअलाइझ: लेडीज डब्यातली गोष्ट

आता वापराकडे येऊ. हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी घालतो. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा.

दादरला तुम्ही धावत धावत लोकल पकडलीत. समजा तुम्ही मुलगा आहात. आत शिरून घाम पुसलात आणि दिसलं की आजूबाजूला सगळ्या बायका आहेत. हे ‘नोटीस’. डोळ्यांनी टिपलं, बस. दोन सेकंदांनी डोक्यात चक्र फिरलं: आपण लेडीज डब्यात चढलोय! हे ‘रिअलाइझ’. माहिती तीच होती, फक्त अर्थ आत उतरला. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेली कॉलेजची मैत्रीण तुमच्याकडे बघून हसायला लागली आणि तुम्ही तिला ओळखलंत. हे ‘रेकग्नाइझ’, आधीपासून माहीत असलेलं परत ओळखणं.

नोटीस डोळ्या-कानांचं काम, रेकग्नाइझ आठवणीचं, आणि रिअलाइझ अर्थ जोडण्याचं. मराठीतला ‘ट्यूब पेटणं’ हा वाक्प्रचार मला म्हणूनच भयंकर आवडतो. जुनी ट्यूबलाइट बटण दाबल्या दाबल्या लागायची नाही. आधी लुकलुकायची, मग एकदम लख्ख. वीज आधीच पोचलेली असायची, उजेड मागून यायचा. यापेक्षा चांगली व्याख्या डिक्शनरीतही नाही.

चुका कुठे होतात?

पहिली चूक माझी. ‘मला रिअलाइझ झालं’चं इंग्रजी ‘इट गॉट रिअलाइझ्ड टू मी’ होत नाही. इंग्रजीत ज्याच्या लक्षात येतं तोच वाक्याचा कर्ता असतो: ‘आय रिअलाइझ्ड’.

दुसरी चूक: ‘मी त्याला रिअलाइझ करून दिलं’चं ‘आय रिअलाइझ्ड हिम’. नाही! ‘आय मेड हिम रिअलाइझ’. आणि ‘मेड हिम टू रिअलाइझ’ही नाही. ‘मेक’नंतर ‘टू’ येत नाही.

तिसरी: ‘आय रिअलाइझ्ड अबाउट माय मिस्टेक’. इथे ‘अबाउट’ नको, ‘आय रिअलाइझ्ड माय मिस्टेक’ पुरे.

चौथी स्पेलिंगची, आणि ही खरं तर चूकच नाही. शेवटी ‘एस-ई’ की ‘झेड-ई’? लोक म्हणतात एस ब्रिटिश, झेड अमेरिकन. अर्धं खरं आहे. अमेरिकेत झेडच. पण ब्रिटनमध्ये दोन्ही चालतात, आणि ऑक्सफर्डची डिक्शनरी तर झेड पसंत करते, कारण मूळ ग्रीक प्रत्ययात तो आवाज आहे. ‘सरप्राइज’, ‘ॲडव्हर्टाइज’, ‘एक्सरसाइज’ हे मात्र कुठेही गेलात तरी एसनेच लिहायचे. तुम्ही काहीही निवडा, फक्त एका मेलमध्ये दोन्ही नको.

मराठी काय करते?

आता माझा सगळ्यात लाडका भाग. मी मेल चुकवला तो इंग्रजी कच्चं म्हणून. पण चुकीचा साचा आला कुठून? मराठीतून. आणि तो साचा बघण्यासारखा आहे.

मराठीत आपण काय म्हणतो? मला कळलं. मला जाणवलं. मला उमगलं. माझ्या लक्षात आलं. मला आठवलं, मला राग आला, मला तहान लागली. सगळीकडे ‘मला’. या गोष्टी मी करत नाही, त्या माझ्याकडे येतात. इंग्रजीत ‘आय’ दारात उभा राहून म्हणतो, मी रिअलाइझ केलं. मराठीत कळणं पाहुण्यासारखं येतं.

आणि नीट बघितलं तर इंग्रजीलाही आतून हे माहीत आहे. कुणाला ‘लिसन!’ असा हुकूम देता येतो, पण नुसतं ‘रिअलाइझ!’ म्हणून हुकूम सोडा बरं, विचित्रच वाटतं. ठरवून ट्यूब पेटत नाही ना!

शिवाय मराठीत छटा किती! ‘लक्षात आलं’ हे रोजचं. ‘उमगलं’ म्हणजे हळूहळू, आतून. ‘जाणवलं’मध्ये मनापेक्षा अंगाला लागलेलं काहीतरी आहे. ‘भान आलं’ म्हणजे हरवलेलं परत आलं. आणि ‘कळून चुकलं’! यात ‘चूक’ नाही बरं का. इथलं ‘चुकणं’ काम पुरं झाल्याचं सांगतं, ‘जाऊन चुकला’सारखं. पण आपण ते वापरतो कडू सत्यासाठी. ‘तो परत येणार नाही हे तिला कळून चुकलं.’ या वाक्याचं इंग्रजी ‘शी रिअलाइझ्ड’ केलंत तर अर्धा जीव निघून जातो.

जाता जाता अजून एक. ‘जाणणं’ ज्या संस्कृत ‘ज्ञा’ धातूवरून आलं, तो ‘ज्ञा’ आणि इंग्रजी ‘नो’ हे लांबचे भाऊ आहेत. ‘नो’च्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला जो मुका ‘के’ आहे, तो पूर्वी उच्चारला जायचा. ‘रेकग्नाइझ’मधला ‘ग्न’ही त्याच कुटुंबातला.

आणि आता सावध व्हा!

शेवटचा मुद्दा व्याकरणाचा वाटेल, पण तो रोज तुमच्या फोनवर येतो.

दोन वाक्यं घ्या. ‘त्याला वाटलं की गाडी सुटली.’ आणि ‘त्याच्या लक्षात आलं की गाडी सुटली.’ पहिल्यात गाडी सुटली की नाही, माहीत नाही. दुसऱ्यात सुटलीच. आता दोन्ही नकारार्थी करा. ‘गाडी सुटली हे त्याच्या लक्षात आलं नाही.’ तरीही गाडी सुटलीच! ‘नाही’ म्हटलं तरी आतला दावा हलत नाही. भाषाशास्त्रात अशा क्रियापदांचा वेगळा वर्ग मानतात. पॉल आणि कॅरोल किपार्स्की यांचा 1970 मधला यावरचा लेख गाजलेला आहे. ‘रिअलाइझ’ याच गटातला. याला एक अपवाद आहे, ‘जर’. ‘हिशोब चुकलाय असं मला नंतर कळलं, तर फोन करेन.’ इथे हिशोब चुकलाच असेल असं नाही.

यात सावध होण्यासारखं काय? फॉरवर्ड बघा: ‘अमुक रस प्यायल्याने तमुक आजार बरा होतो, हे आता डॉक्टरांनाही कळून चुकलंय!’ वाचताना आपण डॉक्टरांबद्दल विचार करतो – अच्छा, त्यांना आता कळलं होय! आणि रसाचा दावा मागच्या दाराने गुपचूप आत येतो. तो खरा का, हे विचारायचं राहूनच जातं. उपाय सोपा आहे. ‘कळलं’च्या जागी ‘वाटतं’ घालून वाक्य परत वाचा. ‘डॉक्टरांना असं वाटतं.’ लगेच प्रश्न येतो – कोणत्या डॉक्टरांना? कशावरून?

आणि मराठीत तर एका अक्षराने खेळ बदलतो. ‘मला समजलं की तू येणार नाहीस’ म्हणजे बातमी कळली, ती खरी. ‘मी समजत होतो की तू येणार नाहीस’ म्हणजे माझा गैरसमज होता, आणि तू आलास! क्रियापद एकच, फक्त ‘मला’चं ‘मी’ झालं. ‘मी’ म्हटलं की माझी समजूत, ‘मला’ म्हटलं की आलेली समज.

तर, तो मेल

मॅडमनी त्या दिवशी माझ्याकडून मेल परत लिहून घेतला. ‘आय रिअलाइझ दॅट आय सेंट यू द राँग फाइल. आय ॲम सॉरी. प्लीज डिलीट इट.’ तीन छोटी वाक्यं. पहिल्या दोन्हींत मी होतो.

मी म्हटलं होतं, “‘आय डिडन्ट नो’ लिहू का?” त्यांनी मान हलवली. “माहीत नव्हतं? फाइलवर नाव होतं. माहीत होतं तुला, लक्षात आलं नाही. दोन्ही वेगळं आहे.” हा फरक मी आजतागायत विसरलेलो नाही. ‘आय डिडन्ट नो’ म्हणजे माहिती माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. ‘आय डिडन्ट रिअलाइझ’ म्हणजे ती समोर होती, माझी ट्यूब पेटली नाही. माफी मागताना यातलं खरं कोणतं, ते आधी स्वतःला विचारायचं.

तो क्लायंट टिकला. पण पुढचे तीन महिने त्याला जाणारा प्रत्येक मेल मॅडमच्या नजरेखालून गेला, आणि ते बरोबरच होतं.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. तुमची ट्यूब सगळ्यात उशिरा कधी पेटली, ते एका मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये सांगा. अट एकच: ‘रिअलाइझ’ म्हणायचं नाही. कळलं, उमगलं, जाणवलं, कळून चुकलं, यातलं नेमकं काय झालं ते शोधून सांगायचं. बघा, शोधताना अजून काहीतरी लक्षात येईल.

भेटू पुढच्या भागात. आणि हो, फाइल पाठवण्याआधी नाव वाचा!